जात्याचा खुंटा

मराठीत ‘गिरणी’ हा एकच शब्द दोन कामांना चालतो. पीठ दळते ती गिरणी आणि कापड विणते तीही गिरणी. इंग्रजी भाषेतही असेच आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. सूत काढण्याचे पहिले मोठे कारखाने पाण्याच्या ज्या चाकावर चालले, ते चाक मूळचे पीठ दळणाराचे. म्हणजे आम्ही ज्या चळवळीत वाढलो, त्या चळवळीतल्या गिरणी कामगाराचे नावच मुळी दळणावरून पडलेले आहे. ह्या नावाचा माग काढीत मागे मागे गेले की मोठ्या गिरणीच्या आधी लहान गिरणी, तिच्या आधी पाणचक्की आणि सर्वांच्या आधी घरातले जाते लागते. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. जात्याला तेथे ओळभर जागा मिळाली तरी पुष्कळ. आजचे व्याख्यान त्या जात्यावर आहे.

जाते आता पोटासाठी कोणाला लागत नाही. तरीही लग्नघरी जात्याला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधून, सुवासिनींनी चार मुठी हळद दळल्याशिवाय कार्याला आरंभ होत नाही. शहरातल्या दिवाणखान्यात जुने जाते मांडून ठेवणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. कोणी त्यावर काच बसवून चहाचे टेबलही करतो. होळीच्या आदल्या दिवशी, घरात विजेचे यंत्र असताना, माळ्यावरचे दांड्याचे पुरणयंत्र खाली काढणारी घरे आजही थोडी नाहीत. हे आपल्याकडेच आहे असेही नाही. फ्रान्स-जर्मनीत हाताने फिरवावयाच्या जुन्या कॉफीच्या चक्क्या जुन्या बाजारात शोधीत फिरणारे शौकीन आहेत, आणि पैसे मोजून ते त्या घरी नेतात. बटण दाबले की काम होत असता हाताने खुंटा फिरविण्याची ही ओढ कशाची?

सहज मिळणारी उत्तरे दोन. एक, जात्यावरच्या पिठाची चव निराळी. दुसरे, जुने ते सोने. पहिले उत्तर काही अंशी खरे आहे. दुसऱ्या उत्तराने आमचे समाधान कधीच झाले नाही, कारण जुन्या वस्तू पुष्कळ होत्या. त्यांतल्या बहुतेक माणसाने आनंदाने टाकल्या आणि पुन्हा त्यांची आठवणही काढली नाही. जात्याची आठवण मात्र जात नाही. ती का, हे पाहावयाचे तर ते कोणी फिरविले, कोणाच्या हुकुमाने फिरविले आणि ते फिरवू नये म्हणून कोणी कोणावर बंदी घातली, हे पाहिले पाहिजे.

आधी वस्तू समजून घेऊ. जात्याच्या दोन तळ्या. खालची बसती, वरची फिरती. मध्ये खीळ. वरच्या तळीला मधोमध तोंड, त्यात दाणे वैरावयाचे. आणि कडेला भोक पाडून त्यात ठोकलेला लाकडी खुंटा. दाणे तोंडातून मध्यावर पडतात, दोन दगडांच्या मध्ये चिरडत चिरडत कडेकडे सरकतात आणि कडेने पीठ होऊन गळतात. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड पडू लागते आणि हात भरून येतात. मग पाथरवट किंवा टाकारी दारावर आला की त्याच्याकडून जात्याला टाकी लावून घ्यावयाची, म्हणजे छिन्नीने दगडाचे तोंड पुन्हा खरबरीत करून घ्यावयाचे. टाकी लावल्यावर पहिले दळण कोंड्याचे किंवा टाकाऊ धान्याचे काढीत, कारण त्यात दगडाची कच यावयाची.

ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तो कडेचा खुंटा. मध्यापासून दूर एक दांडी बसवावी, हाताने ती मागे-पुढे ओढावी-लोटावी आणि त्या ओढण्या-लोटण्यातून चाक अखंड गोल फिरावे, ही युक्ती दिसावयास साधी. परंतु ती सुचावयाला माणसाला हजारो वर्षे लागली. त्याआधी बायका गुडघ्यांवर बसून एका सपाट दगडावर दुसरा दगड पुढे-मागे घाशीत. आपला पाटा-वरवंटा म्हणजे त्याच पद्धतीचा राहिलेला नमुना. गोल फिरणारे जाते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास स्पेनच्या बाजूला आढळू लागते. यंत्रविद्येचे पुष्कळ अभ्यासक असे मानतात की जात्याचा हा खुंटा म्हणजेच क्रँकचे पहिले रूप. पुढे वाफेच्या इंजिनाने ज्या दांड्यावर आपले चाक फिरविले आणि आज मोटारीच्या इंजिनात जो फिरतो, त्याची पणजी म्हणजे घरातल्या बाईच्या मुठीतला हा खुंटा. कारखान्यातल्या फिटरला आम्ही हे सांगितले तेव्हा तो हसला, पण दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “साहेब, बरोबर आहे, स्ट्रोक तोच आहे.”

आता हे फिरवीत कोण होते? रोमन सैन्यात आठ आठ शिपायांच्या तुकडीला एक हाताचे जाते असे; धान्य शिध्यात मिळे आणि पीठ ज्याचे त्याने करावयाचे. शहरांत मात्र भटारखाने होते. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले, तेथे खणताना माणसाएवढ्या उंचीच्या, कंबरेत बारीक अशा दगडी चक्क्या सापडल्या. त्या गाढवे फिरवीत आणि गुलाम फिरवीत. अपुलेयस नावाच्या लेखकाने दुसऱ्या शतकात लिहिलेल्या कथेत नायकाचे गाढव होते आणि ते गाढव चक्कीला जुंपले जाते; तेव्हा शेजारी जुंपलेल्या माणसांचे, त्यांच्या पाठींवरच्या वळांचे आणि कपाळांवरच्या डागांचे जे वर्णन त्याने केले आहे ते वाचवत नाही. ह्याच्या आधी केव्हातरी पाणचक्की निघाली होती, आणि अँटिपेटर नावाच्या एका ग्रीक कवीने दळणाऱ्या दासींना, आता सुखाने उशिरापर्यंत निजा, तुमचे काम पाण्याने उचलले आहे, अशा अर्थाचे काव्य रचले. कवीचा आनंद खरा होता. मात्र पाणचक्की निघाल्यावरही रोमन जगात शतकानुशतके माणसेच चक्क्या फिरवीत राहिली. कारण गुलाम स्वस्त होते. यंत्र निघाले म्हणजे कष्ट आपोआप सरतात असे समजणाऱ्यांनी हे पान पुन्हा पुन्हा वाचावे.

यहुदी लोकांच्या जुन्या धर्मशास्त्रात एक नियम आहे: कर्जापोटी कोणाचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे जीवितच गहाण घेण्यासारखे आहे. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली आहेत. मधल्या दोन-अडीच हजार वर्षांत सावकार बदलला नाही. म्हणूनच नियमही बदलला नसावा.

ह्यापुढची हकीकत इंग्लंडातली आहे, आणि ती आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत. जात्यासाठी माणसे फासावर गेली ती येथे.

लंडनच्या उत्तरेस सुमारे बत्तीस किलोमीटरांवर सेंट ऑल्बन्स नावाचे गाव आहे. मध्ययुगात तेथे बेनेडिक्टपंथी साधूंचा मोठा मठ होता आणि गाव त्या मठाची मालमत्ता होती. नदीवर मठाच्या पाणचक्क्या होत्या. नियम असा की गावकऱ्याने आपले धान्य मठाच्या चक्कीवरच दळले पाहिजे आणि दळणावळ म्हणून त्यातला हिस्सा मठाला दिला पाहिजे. विणलेले कापड कुटून घट्ट करावयाचे तेही मठाच्याच चक्कीवर. घरात हाताचे जाते ठेवणे हा गुन्हा. युरोपभर जमीनदारांनी आणि मठांनी असे हक्क बसविले होते. सेंट ऑल्बन्सचे वेगळेपण एवढेच की तेथील लोकांनी ते मुकाट्याने सोसले नाहीत, आणि मठातल्या साधूंनी आपली बखर नीट लिहून ठेवली.

१२७४ च्या सुमारास पहिला मोठा तंटा झाला. लोकांनी घरोघर जाती मांडली, मठाने ती जप्त केली. गावातल्या बायकांनी राणी एलिनॉर हिच्याकडे दाद मागण्याचे ठरविले. राणी गावात येणार म्हणून त्या वाटेवर जमल्या, तर मठाधिपतीने तिला दुसऱ्याच वाटेने आत घेतले. खटला झाला, लोक हरले. १३२७ मध्ये देशात राजा पदच्युत होऊन गोंधळ झाला तेव्हा गावाने उचल खाल्ली, मठाला वेढा दिला आणि आपल्या हक्कांची सनद लिहवून घेतली. लगेच गावात ऐंशीच्या आसपास जाती सुरू झाली. ऐंशी! एवढ्या एका आकड्यावरून कळते की इतकी वर्षे ती जाती कोठेतरी गवतात, तळघरात, कोठारात दडविलेली होती, किंवा दगड घडविणारा कोणीतरी आधीपासून तयारीला लागलेला होता.

त्याच वर्षी मठावर नवा अधिपती आला. त्याचे नाव रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. हा मोठा गणिती. ग्रहांच्या गती दाखविणारे अजब घड्याळ त्याने मठात उभारावयास घेतले, त्याबद्दल विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतात. बाप लोहार होता. लोहाराच्या पोराने दात्याला दाता जुळवून सूर्य-चंद्र फिरविले ह्याचे आम्हांला कौतुकच आहे. पण ह्याच लोहाराच्या पोराने खटले भरून, धाक घालून गावाला नमविले. १३३१ च्या सुमारास लोकांनी सनद परत दिली आणि आपल्या जात्यांचे दगडही मठात आणून दिले. मठाधिपतीने त्या दगडांचे काय करावे? फोडले नाहीत, विकले नाहीत. मठातल्या बैठकीच्या दालनात त्यांची फरसबंदी केली. भेटीला येणारा प्रत्येक गावकरी आपल्याच आजीच्या जात्यावर पाय ठेवून आत येईल, अशी ती योजना.

पन्नास वर्षे लोटली. एवढ्या काळात दळणारे मेले, नातवंडे म्हातारी झाली. १३८१ च्या जूनमध्ये इंग्लंडातले शेतकरी डोईपट्टीविरुद्ध उठले आणि लंडनवर चालून गेले. सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉब नावाच्या पुढाऱ्याबरोबर मठात शिरले. तेथे दप्तरे होती, सोने-नाणे होते. दप्तरे त्यांनी जाळली, हे कोठल्याही बंडात होतेच. पण ते दालनाकडे वळले आणि त्यांनी फरशी उखडली. आजा-पणजांच्या जात्यांचे दगड बाहेर काढले, त्यांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटावी तसा एकेक तुकडा एकेकाला घरी न्यावयास वाटला.

त्या तुकड्यावर दळता येत नाही. त्यांना पीठ नको होते काय? पाहिजेच होते. पण त्या दिवशी त्यांनी घरी नेले ते निराळे काही. मठाचा इतिहासकार वॉल्सिंगहॅम हा स्वतः मठातला साधू. बंडखोरांविषयी त्याला अपार तिटकारा. त्यानेच हे सर्व लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. हरलेल्यांचा इतिहास बहुधा जिंकणाऱ्यांच्या शिव्यांतच शिल्लक राहतो. पोलिसांच्या दप्तरात जुन्या संपांची माहिती शोधताना आम्हांला हाच अनुभव आला आहे. एका महिन्यात राजा रिचर्ड स्वतः गावात आला, ग्रिंडकॉबला फाशी झाली. ह्या बंडातला गाजलेला फिरता धर्मोपदेशक जॉन बॉल ह्याचा वधही त्याच गावी झाला. मठाचा हक्क पूर्ववत चालू राहिला.

मार्क्सने १८४७ सालच्या आपल्या एका ग्रंथात हाताच्या जात्याची सांगड सरंजामी समाजाशी घातली आहे आणि वाफेच्या गिरणीची भांडवलशाहीशी. साधनावरून समाजाची घडण ओळखावी ही दृष्टी त्याने दिली, तिचे ऋण आम्ही मानतो. पण सेंट ऑल्बन्सकडे पाहिले तर त्या सांगडीत दुरुस्ती करावी लागते. तेथे सरंजामदाराची होती ती पाणचक्की, आणि हाताचे जाते हे त्याच्याविरुद्धचे हत्यार. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक ह्याने १९३५ मध्ये पाणचक्कीच्या इतिहासावर लेख लिहून हे सारे उजेडात आणले. साधन सुधारलेले, काम हलके करणारे, आणि तरी लोक त्याच्याविरुद्ध. ह्याचा उलगडा यंत्रात नाही, मालकीत आहे, हे त्याने दाखविले. हा ब्लॉक पुढे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरला आणि १९४४ च्या जूनमध्ये गोळी घालून मारला गेला. फ्रान्समध्ये जमीनदाराच्या चक्कीची सक्ती १७८९ च्या ऑगस्टमध्ये मोडावयास लागली आणि १७९३ मध्ये भरपाईशिवाय पुरती नाहीशी झाली.

सक्ती नसली तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरात बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यापाशी अठराव्या शतकातली पाणचक्की आहे. लांबून मातीच्या नळाने पाणी आणून ते उंचावरून चाकावर सोडले आहे, आणि त्यावर फकिरांसाठी, वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. तिच्यासाठी कोणाचे घरचे जाते जप्त झाल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि तिची फरशी उखडावयासही कोणी गेले नाही. लोक आजही तेथे जाऊन कौतुकाने पाणी पाहत उभे राहतात.

युरोपात सक्ती गेल्यावर हाताची चक्की एका नव्या रूपाने घरात आली. पूर्व फ्रान्समध्ये प्यूजो नावाचे कुटुंब होते. त्यांची धान्य दळण्याची चक्की होती. १८१० मध्ये तिचे त्यांनी पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केले. करवती, पाती असे करता करता १८४० मध्ये त्यांनी कॉफी दळण्याची हातचक्की काढली आणि १८७४ मध्ये मिरीची. मोटारी नंतरच्या. मोटारीवरचा तो सिंह मूळ करवतीवरचा, पात्याच्या दाताचे बळ दाखविणारा. कॉफीची ही चक्की म्हणजे लाकडी पेटी, वर वाटी, आत पोलादी दाते, मुठीचा दांडा आणि खाली पुडीचा लहानसा खण. ती का आवडते ह्याचे उत्तर सोपे आहे. दिवसाला चार चमचे कॉफी दळावयाची, दोन मिनिटांचे काम, दळता दळता वास येतो. हळू फिरल्याने दाते तापत नाहीत. बिघडली तर स्क्रू काढून आत काय आहे ते डोळ्यांना दिसते. हे शेवटचे कारण आम्हांला सर्वांत मोठे वाटते. कामगार यंत्रावर चिडतो तो बहुधा यंत्र वेगवान आहे म्हणून चिडत नाही. त्याचे पोट कुलूपबंद आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून चिडतो.

परंतु चार चमचे कॉफी आणि पाच माणसांच्या भाकरी ह्यांत अंतर आहे. येथून पुढे आपल्या मुलखात यावे लागते, आणि येथे गोष्ट एवढी गोजिरी राहत नाही.

ज्वारी-बाजरीचे पीठ टिकत नाही. बाजरीचे तर चार-सहा दिवसांत कडवट होते. म्हणून गव्हाच्या मुलखापेक्षा भाकरीच्या मुलखात जाते जास्त फिरावे लागे, रोजच्या रोज. पाच माणसांच्या घरात तास-दीड तास, माणसे अधिक असली तर दोन तास, तेही कोंबड्याच्या आधी, कारण उजाडल्यावर पाणी, शेण, चूल आणि शेत ही कामे वाट पाहत असत. ते पुरुषाने केल्याचे उदाहरण विरळा. आपल्या परंपरेत जनाबाईबरोबर दळावयाला बसला तो साक्षात विठ्ठल. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवितात, त्यापुढे वारकरी हात जोडतात. त्या दर्शनात आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवते: घरातला कोणी पुरुष खुंट्याला हात लावील ही कल्पना इतकी अशक्य होती की त्यासाठी देवाला यावे लागले.

दुसऱ्याचे दळण दळणे हा रोजगारही होता. थोर पुरुषांची चरित्रे उघडा. ‘आईने दळण-कांडण करून मुलाला शिकविले’ हे वाक्य किती ठिकाणी सापडते! विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या, जमीन नसलेल्या बाईला हेच काम उरे. पायलीमागे मोबदला, म्हणजे आमच्या भाषेत पीसरेट. चरित्रकार त्या वाक्यापाशी क्षणभर थांबतो आणि मुलाबरोबर पुढे जातो. किती पायल्या, काय दर, हात दुखले तर दळण कोण पुरे करी, हे तो विचारीत नाही. तुरुंगात मात्र ह्याच कामाची गणती सक्तमजुरीत होई, रोजचे माप ठरलेले असे, आणि कैद्याने ते पुरे केले नाही तर शिक्षा. ‘चक्की पिसायला पाठवीन’ ही धमकी तेथून आली. एकच काम, भिंतीच्या आत ते शिक्षा ठरले, भिंतीबाहेर ते संसार.

कायद्याने घड्याळ हाती घेतले तेव्हाही हे तास त्यात आले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरण्यांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यातल्या बाईचा दिवस अकरा तासांचा ठरविला. ह्या दोन गोष्टींचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. त्यांवरच आमची चळवळ उभी आहे. पण भोंग्याच्या आधी जे जाते फिरले, ते अकरात धरलेले नव्हते. आणि रविवारी ते बंद राहत नसे.

१९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे; चिटणीस जे. सी. कुमारप्पा. हातसडीचे तांदूळ, घाणीचे तेल आणि जात्याचे पीठ ह्यांचा त्यांनी आग्रह धरला. त्यामागे दोन कारणे होती. एक आरोग्याचे: पोलादी रुळांच्या गिरणीत कोंडा आणि अंकुर वेगळे काढून पांढरे पीठ निघते, त्यात जीवनसत्त्वे राहत नाहीत, आणि सडीक तांदळाचा बेरीबेरीशी संबंध जावा बेटात आयकमन ह्या डॉक्टरने त्याच्या आधी चाळीसएक वर्षे कोंबड्यांवरून ताडला होता. दुसरे कारण खेड्यातला पैसा खेड्यात राहावा. विनोबा स्वतः नेमाने दळीत, हे त्यांचे सांगणे पोकळ नव्हते ह्याची साक्ष आहे. तरीही खेड्यातल्या बायकांनी ह्या हाकेला ओ दिली नाही, आणि ती का दिली नाही हे पुढच्या वीस-तीस वर्षांत दिसले.

सातारा रोडच्या कूपरची आणि किर्लोस्करांची ऑइल इंजिने गावोगाव पोहोचली, त्यांवर पट्टा चढवून पिठाच्या गिरण्या सुरू झाल्या. नळीवर डबा ठेवून टुक-टुक आवाज करणारी ती गिरणी ज्या गावात आली, तेथली जाती एका पिढीत थांबली. बंदी नव्हती, जप्ती नव्हती. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. बायका डोक्यावर डबे घेऊन गिरणीवर गेल्या आणि पहाटे थोडे अधिक झोपल्या. आमच्या माहितीतला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत शांत संप आहे. त्याला पुढारी नव्हता आणि तो कधी मागे घेतला गेला नाही. काही सासऱ्यांनी गिरणीचे पीठ बाधते म्हणून कुरकुर केली. तीही थोड्याच दिवसांत थांबली.

सेंट ऑल्बन्सचे लोक जात्यासाठी फासावर गेले आणि आमच्या आया-आज्यांनी ते परसात टाकले. पहिल्यांना दुसरी चक्की होती, पण ती दुसऱ्याच्या हुकुमाची. दुसऱ्यांना हुकूम घरातलाच होता, आणि गिरणी आणेलीत दळून देत होती. दोघांनीही हुकूमच नाकारला, दगड तोच.

तर मग आजची ओढ कोणाची? घरकामगार बायकांच्या एका बैठकीत आम्ही हा विषय काढला. जात्यावरचे पीठ आज चढ्या भावाने विकले जाते, बचतगटाने जाती घेतली तर कसे, असे एका उत्साही कार्यकर्त्याने सुचविले होते. साठी उलटलेली एक बाई म्हणाली, “दादा, पीठ लई ग्वाड लागतंय, खोटं कशाला बोलू. पण दळायला कोण बसनार? तुमी बसता का?” बायका हसल्या, कार्यकर्ताही हसला, आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. मग चहाच्या वेळी तीच बाई दुसरीला हळू आवाजात एक ओवी म्हणून दाखवीत होती. आम्ही जवळ गेलो तशी ती थांबली.

त्या थांबण्याचा अर्थ आम्हांला पुढे वाचनातून उमगला. जात्यावर दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींची मूठ. घरात बाकी सारे निजलेले. दगडाच्या घरघरीत बोलणे दुसऱ्या खोलीत जात नसे. सासूची तक्रार, भावाची वाट, लेकीचे सासर, नवऱ्याचा हात उगारणे, सारे त्या घरघरीच्या आडोशाला बोलले गेले, आणि खुंट्याच्या फेऱ्याने त्याला चाल दिली. दिवसभरात तिला स्वतःचे म्हणून बोलावयाला मिळणारी जागा ती एवढीच. काम सक्तीचे, आणि त्या कामाच्या पोटात ही मोकळीक. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात; बहिणाबाई चौधरींच्या कवितेला त्यानेच ताल दिला, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती छापून निघाली तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. त्यानंतर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या गरीब बायकांकडून एक लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या कित्येकींचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, आणि २०१७ पासून ते सर्वांना ऐकावयास खुले आहेत.

जाते थांबले तेव्हा ते दोन तास मोकळे झाले असे आम्ही वर म्हटले. ते कोठे गेले हेही पाहावे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असा आकडा निघाला. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे, जे पुरुष मुळीच करीत नाहीत ते तिच्यात नाहीतच. पाच तास म्हणजे पाळीच्या अर्ध्याहून अधिक. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईपुरता आहे.

राईरकर-पॉइतवाँ ह्यांच्या त्या संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्या आहेत. त्या भीमनगरात राहणाऱ्या, आणि त्यांच्या ओव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आहेत. पंढरीच्या वाटेची जी चाल, तीच चाल. जनाबाई ज्या जागी विठ्ठलाला बोलवी, त्या जागी ह्या बायका भीमाला बोलवितात. त्या म्हणावयास त्यांना कोणी शिकविले नव्हते, कोणत्याही संघटनेच्या पत्रकात त्या छापून आल्या नव्हत्या. ध्वनिमुद्रण ऐकताना आवाजातला थकवा ऐकू येतो. आम्ही ते युनियनच्या कचेरीत संध्याकाळी लावले होते. आत आलेली मंडळी उभ्या उभ्या ऐकत राहिली, आणि खुर्च्या रिकाम्या असताना बराच वेळ कोणी बसले नाही.